ऊन नागपूरचं, वाळवंट जैसलमेरचं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा लागतो आणि नागपूरच्या बेसा-पिपळ्याकडच्या नव्या लेआउटमधले रस्ते दुपारी बारालाच ओस पडतात. जे बाहेर असतात त्यांच्या तोंडाला दुपट्टा आणि खिशात कांदा. छतावरच्या टाकीतलं पाणी अंघोळीला घेता येत नाही. पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मे २०२४च्या अखेरीस तर रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं संवेदकात बिघाड असल्याचं जाहीर केलं. गंमत अशी, की तो आकडा ऐकून नागपूरकरांना फारसं नवल वाटलं नव्हतं.

आता राजस्थानातलं जैसलमेर घ्या. तिथलं मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान बेचाळीसच्या आसपास असतं. नागपूरचंही तेवढंच, किंबहुना एखादा अंश जास्तच. अक्षांशाच्या हिशेबानं जैसलमेर आपल्या बरंच उत्तरेला आहे. तरीही तिकडे मैलोन्‌मैल उजाड माळ आणि वाळूच्या टेकड्या, आणि आपल्याकडे काटोल-वरुडला संत्र्याच्या बागा. उन्हाळ्यात नागपूरची तुलना हमखास राजस्थानशी होते, पण ऊन सारखं असूनही नागपूरचं वाळवंट होत नाही. का होत नाही, हे समजून घ्यायला जैसलमेरसारखी जागा नाही. दोन दिवसांच्या सहलीत वाळवंटाचा सगळा कारभार तिथे उघड्यावर बघायला मिळतो.

पावसाचा पगार

एखादा प्रदेश वाळवंटी आहे की नाही, हे ठरवताना भूगोलाचे अभ्यासक तापमापी बाजूला ठेवतात आणि दोन आकडे मागतात. वर्षभरात पाऊस किती पडतो, हा पहिला. दुसरा जरा चमत्कारिक आहे. जमिनीत हवं तेवढं पाणी असतं, तर तिथलं ऊन, वारा आणि कोरडी हवा यांनी मिळून मातीतून आणि झाडांच्या पानांतून वर्षाला किती पाणी उडवून नेलं असतं? याला संभाव्य बाष्पोत्सर्जन म्हणतात. घरखर्चाच्या भाषेत पहिला आकडा म्हणजे पगार आणि दुसरा म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मागण्यांची बेरीज. पगार मागणीच्या निम्म्याहून खाली गेला की प्रदेश निमकोरडा, आणि पाचव्या हिश्शाच्याही खाली गेला की कोरडा, म्हणजे रूढ अर्थानं वाळवंटी.

जैसलमेरला वर्षाला १५० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मागणी असते २,००० मिलिमीटरच्या घरात. पगार मागणीच्या दहाव्या हिश्शाएवढा. नागपूरला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. मागणी इथेही पावसापेक्षा जास्तच आहे, पण पगार निम्म्याच्या वर राहतो. शिवाय आपला पगार एकरकमी, पावसाळ्याच्या चार महिन्यांत मिळतो आणि काळी माती तो धरून ठेवते. बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात. त्या ओलीवर ऑक्टोबरनंतरही हरभरा उभा राहतो.

ऊन फक्त मागणी वाढवतं. पगार कुठून येतो आणि का अडतो, ही गोष्ट आकाशातली आहे.

ढग वर का चढत नाहीत

जैसलमेरच्या आकाशात जुलै-ऑगस्टमध्ये ढग येतच नाहीत, असं नाही. अरबी समुद्र फार लांब नाही आणि तिकडून दमट वाराही पोहोचतो. पण पाऊस पडायला दमट हवा नुसती येऊन भागत नाही, ती उंच चढावी लागते. वर गेल्यावरच ती थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात.

नागपूरच्या बाबतीत हवेला वर ढकलणारी यंत्रणा बंगालच्या उपसागरातून येते. तिथे तयार झालेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भ आणि मध्य प्रदेशावरून पश्चिमेकडे सरकतात. वाटेत पाऊस पाडत त्यांची ताकद संपत जाते, आणि पश्चिम राजस्थानपर्यंत फार थोडे पोहोचतात. कोकणाला पाऊस मिळतो कारण समुद्रावरून आलेल्या वाऱ्याच्या वाटेत सह्याद्री आडवा उभा आहे, वाऱ्याला चढण्यावाचून गत्यंतर नसतं. राजस्थानातला अरवली मात्र नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलाय, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेनं. वारा त्याच्या कडेकडेनं निघून जातो.

याहून मोठी अडचण वरच्या थरात आहे. पावसाळी ढगांतून वर गेलेल्या हवेला कुठेतरी खाली उतरावंच लागतं. ती वायव्येकडच्या प्रदेशावर उतरते. खाली येताना हवा दाबली जाते, दाबली की तापते, आणि तापली की तिच्यातले ढग विरतात. इराण-अरबस्तानाकडून येणारी कोरडी हवाही तिथेच पसरलेली असते. त्यामुळे थरच्या वाळवंटावर जमिनीलगत दमट हवेचा पातळ थर आणि त्याच्या डोक्यावर कोरड्या गरम हवेचं झाकण, अशी स्थिती महिनोन्‌महिने टिकते. ढग चढायला लागतो आणि झाकणाला टेकून विरतो. क्वचित एखादा जोरकस पट्टा तिथवर पोहोचला, की झाकण फुटतं आणि वर्षाचा निम्मा पाऊस दोन-तीन दिवसांत कोसळतो. अशा वेळी जैसलमेर-बाडमेरमध्ये पूरही येतो.

हवा कोरडी असण्याचा आणखी एक परिणाम सहलीला गेल्यावर पहिल्याच रात्री अंगावर येतो. डिसेंबरात दुपारी पंचवीस अंशांत शर्टावर फिरणारा माणूस पहाटे सात-आठ अंशांत कुडकुडतो. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा भरलेली असते, म्हणून दिवसभराचं ऊन वरच्या काही सेंटिमीटरांतच अडकतं, खोल जात नाही. सूर्य मावळला की ही तुटपुंजी उष्णता निघून जाते. तिला अडवायला आकाशात वाफही नसते. बेसातल्या सिमेंटच्या भिंती मात्र दिवसाची उष्णता पोटात घेतात आणि रात्री खोलीत सोडतात.

वाळू कमी, गवत जास्त

जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं मरू राष्ट्रीय उद्यान, म्हणजेच डेझर्ट नॅशनल पार्क, १९८० साली घोषित झालं. क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर. नावात राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याच्या भाषेत ते अभयारण्य आहे. आत गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत. ताडोब्याच्या सवयीनं फाटक, जिप्सी आणि दाट जंगल यांची अपेक्षा ठेवून गेलेला पर्यटक इथे पहिला अर्धा तास गोंधळतो.

त्याहून जास्त गोंधळतो तो वाळू शोधणारा. उद्यानाचा जेमतेम पाचवा भाग वाळूच्या टेकड्यांचा आहे. बाकी सगळा खडकाळ माळ, मुरमाड सपाटी, खारवट खोलगट जागा आणि गवताळ पट्टे. सेवण नावाचं झुबकेदार गवत हे इथलं खरं धन. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं, मुळांनी वाळू बांधून ठेवतं आणि दुष्काळातही गुरांना चारा देतं. अधूनमधून खेजडीची झाडं. ही आपली शमी. राजस्थानचा हा राज्यवृक्ष खोल मुळांनी पाणी शोधतो आणि ऐन उन्हाळ्यात हिरवा असतो. आपल्याकडे नेपती म्हणून ओळखलं जाणारं काटेरी झुडूप तिकडे केर होतं, आणि त्याची फळं थेट जेवणाच्या ताटात येतात.

पगार इतका कमी, तर इथले प्राणी खर्च कसा कापतात, हेही बघण्यासारखं आहे. चिंकारा पाणवठ्याशिवाय बराच काळ काढू शकतं, कारण पाला आणि गवत यांतलं पाणी त्याला पुरतं आणि त्याची मूत्रपिंडं लघवीत पाणी फार कमी जाऊ देतात. सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा दुपारचा बिळात जातो, आणि अडीअडचणीसाठी चरबी शेपटीत साठवतो. वाळवंटी खोकडही उन्हाची वेळ बिळातच काढतं.

चौकट: दोन दिवसांचा बेत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जाण्याचा काळ. नागपूरहून रेल्वेनं जोधपूर आणि तिथून जैसलमेर, हा नेहमीचा मार्ग. वाटेवर फलोदीजवळ खीचन गाव लागतं. हिवाळ्यात तिथे कुरजा पक्ष्यांचे हजारोंचे थवे दाण्याला उतरतात, तेवढ्यासाठी थांबायला हरकत नाही.

पहिला दिवस: सकाळी शहरापासून १७ किलोमीटरवरचं अकल जीवाश्म उद्यान, मग किल्ला आणि गडीसर तलाव. दुपारनंतर कुलधरा आणि संध्याकाळी समच्या टेकड्या.

दुसरा दिवस: भल्या पहाटे मरू उद्यानातल्या सुदासरीचा गवताळ भाग. यासाठी वन विभागाची परवानगी आधी काढावी लागते. दुर्बीण हवीच.

सोबत स्वेटर, टोपी, भरपूर पाणी. बूट झाडून घालावेत.

टेकडी चालते कशी

शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर सम आहे. तिथल्या टेकड्यांवर संध्याकाळी उंट, जीप आणि ध्वनिक्षेपक यांची एवढी गर्दी असते, की वाळू बघायची तर सूर्योदयाला जावं. खुरीच्या टेकड्या त्या मानानं शांत आहेत. निवड करायची असेल तर मी खुरीच सुचवीन.

टेकडीची एक बाजू लांब, हळूहळू चढणारी असते आणि दुसरी एकदम उतरती. चढती बाजू वाऱ्याकडची. जमिनीवर ताशी वीसेक किलोमीटरचा वारा सुटला की वाळूचे कण हलायला लागतात, पण ते धुळीसारखे उडत जात नाहीत. कण उचलला जातो, थोडं अंतर पुढे जाऊन आपटतो आणि आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. ते पुढे जाऊन आणखी कणांना उडवतात. अशा उड्या मारत वाळू चढावरून माथ्यापर्यंत पोहोचते. माथ्याच्या पलीकडे वारा तुटतो, कण तिथेच पडतात आणि साठत जातात. उतार सुमारे ३४ अंशांच्या पुढे गेला की कोरडी वाळू तग धरत नाही आणि घसरते. म्हणून जगभरातल्या वाळूच्या टेकड्यांचा उतरता चेहरा साधारण याच कोनात असतो, समला असो की सहारात. मागची वाळू पुढे येऊन घसरली, की अख्खी टेकडी वाऱ्याच्या दिशेनं थोडी सरकलेली असते. लहान टेकड्या भरभर सरकतात, मोठ्या रेंगाळतात, कारण त्यांना हलवायची वाळू जास्त असते. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्यानं लिबिया-इजिप्तच्या वाळवंटात भटकून आणि पुढे प्रयोगशाळेत हवेचा बोगदा बांधून हे गणित मांडलं. त्याचं १९४१चं पुस्तक आजही या विषयातलं पायाभूत मानलं जातं.

थरच्या टेकड्यांना वाळू पुरवणारा प्रमुख वारा उन्हाळ्यातला, नैर्ऋत्येकडचा. सिंधू नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ त्यानं इकडे वाहून आणला.

या टेकड्यांवर झुडपं कशी तगतात, हे कोडं मात्र सुटायला वेळ लागतो. काळी माती सुपीक आणि वाळू नापीक, हा आपला ठाम समज. विदर्भात तो खरा आहे. कोरड्या प्रदेशात मात्र गणित उलटतं. काळ्या मातीवर पंधरा मिलिमीटर पाऊस पडला तर तो वरच्या वीतभर थरातच राहतो आणि दोन-चार दिवसांच्या उन्हात उडून जातो. वाळूत तेवढाच पाऊस झपाट्यानं खोल उतरतो. वरची वाळू लगेच सुकते, आणि सुकलेल्या वाळूतून खालची ओल वर चढू शकत नाही, कारण कणांमधला पाण्याचा धागा तुटलेला असतो. त्यामुळे चांगला पाऊस झालेल्या वर्षी हिवाळ्यातसुद्धा टेकडीवर हातभर उकरलं तर ओली वाळू लागते. फोगसारखी झुडपं याच ओलीवर जगतात. जीप जेव्हा ही झुडपं चिरडत टेकडीवर चढते, तेव्हा वाळू बांधून ठेवणारं एकमेव बंधन तुटतं.

अकलची दगडी खोडं

बाडमेर रस्त्यावरचं अकल बघायला पर्यटक कमी जातात, कारण दुरून तिथे काहीच दिसत नाही. २१ हेक्टरांचा तपकिरी माळ, कुंपण आणि जागोजागी लोखंडी जाळीचे पिंजरे. पिंजऱ्यांत आडवी पडलेली झाडांची खोडं. सालीचे पदर आणि गाठी ओळखता येतात. हात लावला की कळतं, दगड आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं १९७२मध्ये या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक घोषित केलं. लहानमोठी पंचवीस खोडं इथे उघडी पडली आहेत आणि सर्वात मोठं १३.४ मीटर लांब आहे. वय सुमारे १८ कोटी वर्षं.

लाकडाचा दगड होतो म्हणजे काय होतं? मेलेलं झाड एरवी काही वर्षांत वाळवी, बुरशी आणि जिवाणू संपवतात. त्यांना काम करायला हवा लागते. पुरात वाहून आलेलं खोड जर वाळू-गाळाखाली झटपट गाडलं गेलं, तर हवा तुटते आणि कुजणं मंदावतं. मग जमिनीतलं पाणी खोडात झिरपतं. या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. वाळू आणि गारगोटी ज्याची बनते, तेच हे द्रव्य. लाकडाच्या पेशींच्या भिंतींवर सिलिकेचा सूक्ष्म थर बसतो, मग पेशींच्या पोकळ्या भरतात. लाकूड अणुरेणूंनी सुटत जातं आणि जागा सिलिका घेत जाते. हे इतकं सावकाश घडतं, की पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशींची मांडणी अजून दिसते. रंग येतो तो पाण्यातल्या लोहामुळे.

या खोडांचं लाकूड सूचिपर्णी कुळातल्या झाडांचं आहे. फुलं येणारी झाडं तेव्हा पृथ्वीवर पसरलेलीच नव्हती. गवतही नव्हतं. भारत दक्षिण गोलार्धात आफ्रिका, मादागास्कर आणि अंटार्क्टिकाला जोडलेला होता, हवा उष्ण आणि दमट होती आणि आज जिथे पाण्याचा थेंब मोजून वापरतात तिथे नद्या उंच झाडं वाहून आणत होत्या. पुढे समुद्र आत शिरला. २०२३मध्ये जैसलमेर जिल्ह्यातूनच थारोसॉरस इंडिकस या लांब मानेच्या डायनोसॉरचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याचं वय १६ कोटी ७० लाख वर्षं. म्हणजे वाळवंट हा इथला कायमचा पत्ता नाही, अलीकडचा आहे.

अकलच्या खोडांचे नातलग विदर्भातही आहेत. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यातल्या वडधम इथे जुरासिक काळातली दगडी खोडं आणि डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. फरक बघा. वडधमला घनदाट साग-बांबूच्या जंगलात, गवताखाली ती शोधावी लागतात. अकलला झाकायला काही उरलंच नाही, म्हणून सगळं वर पडलेलं आहे. खुद्द नागपूरही या बाबतीत मागे नाही. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे, त्यांनी १८५०च्या दशकात टाकळीला काळ्या कातळाच्या थरांमधल्या गाळातून गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते. १८६३मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना ते नाल्याच्या पुरात वाहून गेले. बेसाहून बुटीबोरीच्या बाजूला गेलं की ते टाकळघाट लागतं.

किल्ला आणि सीमा, धावत धावत

जैसलमेरचा किल्ला रावळ जैसलनं ११५६मध्ये बांधायला घेतला. २०१३मध्ये तो राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. सत्यजित रायंच्या ‘सोनार केल्ला’नं तो बंगाली पर्यटकांच्या मनात इतका पक्का बसवला, की आजही गल्ल्यांमध्ये बांगला ऐकू येते. आपल्या कामाचा मुद्दा त्याच्या रंगाचा. शहरातला प्रसिद्ध पिवळा दगड जुरासिक समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. हवेलीच्या जाळीवर नीट पाहिलं तर दगडात शिंपल्यांचे तुकडेही सापडतात. तो लोहामुळे पिवळा आहे आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सोनेरी दिसतो.

ज्यांच्याकडे तिसरा दिवस आहे त्यांनी सीमेजवळचं तनोटमातेचं मंदिर आणि डिसेंबर १९७१च्या लढाईचं लोंगेवाला बघावं. रस्ता दीडशे किलोमीटरांच्या आतला आहे आणि रिकामा आहे.

कुलधरा: चौपट पगार कसा मिळवला

शहरापासून अठराएक किलोमीटरवरचं कुलधरा सध्या भुताटकीसाठी प्रसिद्ध आहे. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलं. दिवाण सालिमसिंहाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत अख्खं गाव निघून गेलं, ही दंतकथा गाइड रंगवून सांगतात. करांचा बोजा आणि आटत गेलेलं पाणी ही कारणं अभ्यासकांना जास्त पटतात. काहींनी भूकंपाचा तर्कही मांडला आहे. भुतांपेक्षा मला विचार करायला लावतो तो दुसराच प्रश्न: दीड-दोनशे मिलिमीटर पावसात या लोकांनी गव्हाचं पीक घेणारं, घडीव दगडी घरांचं इतकं मोठं गाव शतकानुशतकं चालवलं कसं?

उत्तर खडीनमध्ये आहे. ही पद्धत पालीवालांनी साधारण पंधराव्या शतकापासून विकसित केली. खडकाळ चढाच्या पायथ्याशी खोलगट जमीन निवडायची आणि तिच्या खालच्या कडेला मातीचा लांब, बुटका बांध घालायचा. आजूबाजूच्या उघड्या खडकावर पडलेला पाऊस आत मुरत नाही, वाहतो. तो सगळा बांधापाशी येऊन तळं साचतं. जादा पाण्यासाठी बांधात सांडवा असतो. पावसाळ्यानंतर तळं हळूहळू जमिनीत मुरतं, आणि जमीन उघडी पडली की त्या ओलीवर गहू किंवा हरभरा पेरायचा. मधे एकदाही पाणी द्यावं लागत नाही. पाण्याबरोबर येणारा गाळ दरवर्षी खताचं काम करतो.

हिशेब करून बघू. समजा शेत एक हेक्टर आणि त्याला पाणी पुरवणारा खडकाळ चढ बारा हेक्टरांचा. पाऊस १६० मिलिमीटर झाला आणि चढावरचा फक्त पाव हिस्सा वाहून आला, तर ४० गुणिले १२ म्हणजे ४८० मिलिमीटर. त्यात शेतावर थेट पडलेले १६० मिळवा. एकूण ६४०. थरच्या मध्यावर त्या एका हेक्टरापुरता मराठवाड्यातल्या तालुक्याएवढा पाऊस. बाकीच्या बारा हेक्टरांवर काही पिकवण्याचा हट्ट सोडला, म्हणून हे जमलं. वाळवंटात थोड्या पाण्याची समान वाटणी केली तर कुणाचंच भागत नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी युक्ती होती. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर पसरलेला आहे. त्याच्या खालचं पाणी खारं, पण पावसाची मुरलेली ओल थरावर अडकून गोड राहते. बेरी, म्हणजे अरुंद, खोल विहीर, खणली की ती ओल भिंतींतून थेंबाथेंबानं पाझरते. अनुपम मिश्र यांनी १९९५च्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात अशा व्यवस्थांची तपशीलवार नोंद केली आहे.

बेसाच्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्याला हे वाचताना थोडं चरचरतं. जैसलमेरच्या पाच-सहापट पाऊस डोक्यावर पडतो, गच्चीवरून पेव्हर ब्लॉकवर आणि तिथून नालीत जातो, आणि एप्रिलमध्ये बोअर कोरडा पडला की टँकर बोलवावा लागतो. पगार मोठा असून महिनाअखेर उधारी.

माळढोकाला वाळू नको असते

उद्यान ज्याच्यासाठी राखलं, तो माळढोक सुदासरीच्या गवतात असतो. मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोंपर्यंत, उडू शकणाऱ्या सर्वात जड पक्ष्यांपैकी एक. जगात दीडशेहून कमी उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. म्हणून तो वाळवंटी पक्षी वाटतो. पण महाराष्ट्रात त्याच्यासाठी १९७९मध्ये सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं. नागपूरच्या शेजारी चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा-भद्रावतीच्या शेतशिवारातही तो दिसल्याच्या नोंदी आहेत. वरोऱ्याला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माळढोकाला हवा असतो उघडा, विरळ गवताचा सपाट माळ, जिथून लांबवर नजर जाते. थरमध्ये तो उरला, कारण तिथला माळ उशिरा नांगरला गेला.

मादी जमिनीवर, उघड्यावर, सहसा एकच अंडं घालते आणि सुमारे २७ दिवस उबवते. कुत्रं, कोल्हा किंवा मेंढ्यांचा कळप आला की वर्षाची कमाई गेली. मोठ्या पक्ष्यांना मारतात त्या विजेच्या तारा. या कुळातल्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, चौफेर धोका बघायला उत्तम. समोरचं दिसण्याचा पट्टा मात्र अरुंद. उडताना खाली जमीन न्याहाळायला मान झुकवली की समोरचं जवळजवळ दिसतच नाही. तार दिसलीच, तरी एवढ्या वजनाला ऐन वेळी वळता येत नाही. आणि जैसलमेर हा सौर व पवन ऊर्जेचा जिल्हा आहे. ढगांना अडवणारं तेच झाकण सौर पट्ट्यांना वर्षभर स्वच्छ ऊन देतं, आणि तिथे तयार झालेली वीज तारांवरूनच बाहेर जाते.

सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१मध्ये माळढोकाच्या प्रदेशातल्या तारा जमिनीखाली घेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४मध्ये, सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरांवरची ती सरसकट अट मागे घेऊन, कुठे काय शक्य आहे हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. स्वच्छ ऊर्जाही हवी आणि पक्षीही, असा हा पेच आहे. यात एक बाजू खलनायक ठरवून सुटका होत नाही.

दरम्यान, सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. ही पिल्लं मोठी झाली की त्यांना मोकळं सोडायला माळ लागतील, आणि त्यासाठी जैसलमेर एकटं पुरणार नाही. नान्नजचं अभयारण्य सुरुवातीला साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचं होतं, इतकं मोठं की त्यात शेतं आणि गावंही अडकली. पुढे ते सुमारे बाराशेवर आणलं गेलं. वरोऱ्याकडच्या शिवारांना तर माळढोकासाठी असं कोणतंही कुंपण कधी नव्हतंच. तिथे तो कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून फिरताना दिसलेला आहे.